मोराची उलटी बाजू

परदेशातल्या एका संग्रहालयाने आपल्या वस्तूंचे फोटो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले केले आहेत. माहिती चुकलेली दिसली तर कुणीही दुरुस्त करावी. काल त्यातला एक पितळी मोर मी बघत बसले होते. खाली लिहिलं होतं, ‘पूजेची वस्तू’. भाजी निवडता निवडता मावशी डोकावली आणि खो खो हसत सुटली.

“अगं, पूजेची कसली? वज्री आहे ती, टाचा घासायची! उलटी बाजू दाखव बघू.”

उलट्या बाजूचाही फोटो होता. काचेच्या कपाटात ती कुणाला दिसली असती? खरखरीत रेघा, आणि एका कडेला त्या झिजून पार गुळगुळीत झालेल्या. कुणीतरी रोज न्हाणीघरात बसून, मोराची पाठ मुठीत धरून, भेगाळलेल्या टाचा घासल्या होत्या. तिचं नाव कुठल्याच नोंदीत नाही. पण पितळ झिजावं इतकी ती तिथे होती.

“दिवसभर राबलेल्या पायांची पूजाच की ही,” मी म्हटलं.

“पूजाबिजा काही नाही. टाचा घासायची, असं लिही.”

लिहिलं. आता जगात कुणीही तो मोर उघडला, की खाली मावशीचा शब्द दिसेल. हे तिला सांगायला वळले, तर ती पाय वर घेऊन स्वतःची टाच निरखत होती.