फाटकापलीकडची मथुराबाई

मथुराबाईंबद्दल शरच्चंद्र वर्तकांना फार काही ठाऊक होतं, असं म्हणता येणार नाही. त्यांचं माहेर कुठलं, नवरा कधी वारला, त्या एकट्या राहायच्या की कुणाजवळ, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारावं असं वाटलं तोवर सांगणारं कुणी राहिलं नव्हतं. आखणीच्या कचेरीत नकाशे काढणारा हा भिडस्त माणूस. परक्या बाईशी कामापुरतंच बोलायचा. पण तेवढ्या कामापुरत्या बोलण्यातून जे दिसलं, ते त्यांच्या मनातून पुढे कधी गेलं नाही.

साल एकाहत्तर. मुंढव्यापुढच्या एका वस्तीला शहराकडे यायला रेल्वेचं फाटक ओलांडावं लागे. गाड्या वाढल्या, तसं फाटक कायमचं बंद करायचं ठरलं. माणसांसाठी रुळांवरून पायऱ्यांचा पूल, आणि बैलगाड्यांनी तीन मैलांचा वळसा घ्यायचा, असा नकाशा शरच्चंद्रांनी काढला होता. त्यासाठी ते फाटकावर जाऊनही आले होते. भर दुपारी तासभर उभे राहिले, येणारीजाणारी माणसं मोजली. सगळी धडधाकट, पायी चालणारी. पायऱ्या पुरेत, असं त्यांनी टिपणात लिहिलं.

हरकती घ्यायच्या शेवटच्या दिवशी कचेरीच्या दारात एक खाट आली. सुंभाची, चार पायांची, आणि ती धरून वस्तीतले चार गडी. पुढे मथुराबाई. ठेंगणी, काटक, कपाळावर मोठं गोंदण. वस्तीतली सुईण.

"नकाशा कुनी काढलाय?" त्यांनी विचारलं.

शरच्चंद्र चाचरत पुढे झाले. "मी. काय काम होतं बाई?"

"झोपा हिच्यावर."

"अहो, पण..."

"सायेब, आमच्या वस्तीत टांगा येत न्हाई, चिखल असतोय. बाई अडली की तिला खाटंवर घालून फाटकाच्या अलीकडं आनायची, तितनं टांग्यात घालून ससूनच्या दवाखान्यात. तुमी जिना बांधताय. आता पोटुशी बाई इथं कुटनं आनू? तुमीच झोपा. बजरंग, उचल रं."

नाही म्हणायलासुद्धा थोडी धिटाई लागते. ती शरच्चंद्रांकडे नव्हती. ते झोपले. खाट कचेरीचा जिना चढू लागली. पाय वर, डोकं खाली. चार पायऱ्यांतच ते घसरू लागले. मधल्या वळणावर खाट अडकली. पुढच्यांना वळता येईना, मागच्यांना थांबता येईना. शेवटी बजरंगने खाट एका कुशीवर तिरकी केली, तेव्हा शरच्चंद्रांनी दोन्ही हातांनी सुंभ गच्च धरला.

मथुराबाई खालच्या पायरीवरून बघत होत्या. "धरलंत नव्हं? कळा येत असल्या की हात कुटं असत्यात, ठावं हाय का?"

वरच्या कठड्यावरून कचेरीचे प्रमुख आप्पासाहेब डोकावले. "वर्तक, आपण आजारी आहात, की हे सरकारी काम आहे?"

"काम आहे, आप्पासाहेब," शरच्चंद्र आडवेच म्हणाले. "नकाशा चुकलाय माझा."

नोकरीच्या अठरा वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. आप्पासाहेब क्षणभर खाटेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मग खाली उतरा आणि दुसरा काढा. मंजुरीला जायला आठ दिवस आहेत."

दुसऱ्या दिवशी मथुराबाईंनीच रस्ता दाखवला. रुळांच्या कडेने, वस्तीतल्या गेनबाच्या उसाच्या बांधावरून अर्ध्या मैलावर, रुळांवरून जाणारा गाडीरस्त्याचा जुना पूल होता. तिथवर रस्ता काढला की जिनाही टळत होता आणि तीन मैलांचा वळसाही. बाई अनवाणी पुढे, टेप घेतलेले शरच्चंद्र मागे. कुठे पाणी झिरपतं, कुठे जमीन बाराही महिने घट्ट राहते, हे त्यांच्या तळपायांना पाठ होतं. नकाशावर यातलं काहीच नव्हतं.

"आजवर किती बाळंतपणं केलीत?" धीर करून शरच्चंद्रांनी विचारलं.

"मोजत न्हाईत. दृष्ट लागती."

बांधावर गेनबा उभाच होता. "माझ्या रानातनं रस्ता? सरकारला दुसरीकडं जागा घावली न्हाई व्हय?"

शरच्चंद्र कागद चाळू लागले.

"गेनबा," मथुराबाई म्हणाल्या, "तुजी चारी पोरं माज्या हातावर आली. खण-नारळाबिगर काय घेतलं म्या तुज्याकडनं?"

गेनबा उसाची पानं चुरगाळू लागला.

"आता थोरली सून आठव्यात हाय तुजी. तिला खाटंवर नेऊ का गाडीतनं, तूच सांग."

"काढा," तो शेवटी शरच्चंद्रांना म्हणाला. "पन सरळ काढा. वाकडातिकडा काढून माजा ऊस खाऊ नका."

संमतीच्या कागदावर त्याने अंगठा उठवला. मथुराबाईंनी आणखी एक ओळ घालायला लावली: आधी रस्ता, मग फाटकाला कुलूप. आप्पासाहेब ती खोडतील असं शरच्चंद्रांना वाटलं होतं. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि तिच्याखाली लाल रेघ ओढली.

पावसाळ्यापूर्वी नव्या रस्त्यावर मुरूम पडला. पहिला टांगा वस्तीत शिरला, तेव्हा घोडं बुजलं आणि बायका हसल्या. फाटकाला कुलूप लागलं ते त्यानंतर महिन्याने.

पुढे शरच्चंद्रांची बदली झाली, आणि वस्तीकडे फिरकणं राहून गेलं. शेवटची भेट झाली ती कामाची अखेरची मोजणी घ्यायला गेले होते तेव्हा. मथुराबाई समोरून घाईने येत होत्या, काखेत गाठोडं. थांबल्या नाहीत, चालता चालताच म्हणाल्या,

"सायेब, त्या पुलाजवळ पानी साचतंय. आनखी दोन गाड्या मुरूम टाकाय सांगा."

"सांगतो," शरच्चंद्र म्हणाले.

"आजच सांगा."

"हो, आजच."