ह्यांच्या नावानं सोडलेलं लिंबू

माझे पती गेले त्या वर्षी मंठ्यातल्या आमच्या अंगणातल्या लिंबोणीला कधी नव्हे इतकी लिंबं धरली. ती कुणी तोडली नाहीत. पिकून पिवळी झाली की आपोआप गळत. दुपारी वाचत बसलं की पत्र्यावर एक पडल्याचा आवाज येई, ते घरंगळत जाई, आणि मग काहीच नाही. एक फांदी भिंतीपलीकडे गल्लीत गेलेली. रस्त्यात पडलेल्या लिंबाला आमच्याकडे कुणी पाय लावत नाही. कुणी उतरून टाकलंय की झाडावरून पडलंय, हे कोण बघत बसणार? लोक आमच्या दारापुढून वळसा घालून जाऊ लागले. पाहता पाहता धुळीत त्या वळशाची पायवाट पडली.

हे गेले ते मूत्रपिंडातल्या खड्यांमुळे. तरुणपणापासून एक पडे, दुसरा धरे. शेवटी एक नळीत अडकला, त्यामागं संसर्ग झाला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तो रक्तात पसरला होता. पहिला खडा निघाला तेव्हापासून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांच्या ताटातलं लिंबू बंद केलं होतं. आंबटानं खडे धरतात, असं गल्लीत सगळेच म्हणत. ह्यांना तर लिंबाचं वेड. खाता येईना म्हणून ते लिंबाची साल नखानं खरवडत आणि बोटं नाकाशी धरून बसत.

आम्ही बौद्ध. आमच्या घरात पिंड नाही, दहावं-तेरावं नाही. जलदान विधी झाला, भंतेजी येऊन गेले, माणसं जेवून आपापल्या गावी गेली. पण जुन्या बायका गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी त्याच्या नावानं खायचं सोडतात. आत्याबाईंनी तेवढं केलं, कुणाला न विचारता. म्हणाल्या, "माझ्या लेकाला मिळालं न्हाई, ते मला नगं." त्यांचं बघून माझ्या मुलीनंही सोडलं, आणि न ठरवता मीही. मग आमच्या घरात लिंबू चिरलंच गेलं नाही.

आणि तरी वास येई. कॉलेजात शिकवून परतले की ह्यांच्या खुर्चीपाशी ताज्या सालीचा वास असे. खिडकी बंद, खुर्ची रिकामी. मी वर्गात अंधश्रद्धेवर बोलणारी बाई, कुणाला काय सांगणार? एकदा मी लवकर घरी आले. खुर्चीत पाठमोरं कुणीतरी बसलं होतं, मान तशीच एका बाजूला कललेली, नखानं काहीतरी खरवडत. माझे पाय दारातच राहिले.

ती माझी मुलगी होती. "खात नाहीये, मम्मी," ती म्हणाली. "नुसता वास घेतेय."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण ती उठली, चौकटीशी थांबली, आणि बरगडीखाली अंगठा दाबून, बाकीची बोटं पाठीवर टेकवून उभी राहिली. हे अगदी तसेच उभे राहत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"दुखतंय ते."

"अगं, अभ्यासिकेत बसून बसून कंबर धरलीय. पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि तिथला संडास बघितलायस का तू? त्यापेक्षा तहानलेलं बरं."

जालन्यातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. दोन्ही बाजूंना बारीक खडे. वडिलांच्या खड्यांबद्दल ऐकून त्यांनी चोवीस तासांची लघवी जमा करायला सांगितली. मोठा पांढरा कॅन मोरीच्या कोपऱ्यात पंच्याखाली झाकून ठेवला होता. आत्याबाई आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या.

"मोरीत काय भूत बसवलं का गं?"

"भूत नाही, आज्जी. माझंच आहे. हात लावू नको."

अहवाल आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "लघवी कमी आहे, मीठ जास्त आहे, ते तर दिसतंच. पण हे सायट्रेट बघा. जवळजवळ नाहीच. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, खडा जमू देत नाही. हे कधी कधी घराण्यातून येतं. मिस्टरांची ही तपासणी झाली होती?"

झाली नव्हती. त्यांनी पाण्यातून घ्यायचं पोटॅशियम सायट्रेटचं औषध लिहिलं. पाणी भरपूर, मीठ कमी. "आणि रोज लिंबूपाणी. लिंबानं खडे होतात हा गैरसमज आहे. लिंबात सायट्रेटच असतं."

परतताना बसमध्ये मुलगी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आज्जीला हे सांगायचं नाही."

"का?"

"तिनंच पप्पांचं लिंबू बंद केलं होतं."

घरी तिनं बाटली उघडली. औषधाला लिंबाचा वास होता. तिनं झाकण परत लावलं. "हे मी पप्पांच्या नावानं सोडलंय. आज्जीनं लिंबू परत धरल्याशिवाय मी नाही घेणार. आणि तिला काही सांगायचंही नाही." मी समजावलं, रागावले, रडले. बाटली फडताळात तशीच राहिली. आणि एका दुपारी ती फरशीवर गुडघ्यांत कपाळ खुपसून कण्हू लागली. तो आवाज मी पुष्कळ वर्षं ऐकला होता. शेजारच्या खोलीतून ऐकला असता तर हेच परत आले असं मला वाटलं असतं.

इंजेक्शन देऊन तिला घरी आणलं. आत्याबाईंनी विचारलं, "औषध आणलंय ना? मंग ही का घेईना?"

"त्यात लिंबातलंच आहे, आत्याबाई. हिला लिंबू लागतंय. नाही दिलं तर हिची मूत्रपिंडं जातील. आणि तुम्ही धरल्याशिवाय ही घेणार नाही."

त्या तडक उठल्या. अंगणात गेल्या, झाडावरचं एक तोडलं, विळीवर चिरलं, पाण्यात पिळलं आणि पेला घेऊन नातीपुढं उभ्या राहिल्या.

"घे."

"आधी तू."

"माझ्याशी सौदा करून राह्यली का? माझ्या लेकाच्या नावानं मरायला बसली का, भवाने? घे म्हन्ते ना!"

मुलीनं डोळे मिटून पेला रिकामा केला. मी लगेच औषधही दिलं. तेही तिनं घेतलं.

आत्याबाई परत विळीपाशी जाऊन बसल्या होत्या. बोटांवरचा रस मनगटापर्यंत ओघळला होता. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंग त्यालाबी चाललं आसतं?"

मी खरं तेच सांगितलं. "त्यांची तपासणीच झाली नव्हती, आत्याबाई. माहीत नाही."

"माहीत न्हाई म्हन्जे हो बी आसंल."

त्यांनी उरलेली फोड दुसऱ्या पेल्यात पिळली आणि तो माझ्याकडे सरकवला. "तूबी घे."

"आणि तुम्ही?"

"तुमचं सोडलेलं तुम्ही धरा. माझं लिंबू आता खरं सुटलं, मरेस्तोवर."

मग त्या उठल्या, झाडाखाली गेल्या आणि पदर पसरून उद्याच्यासाठी लिंबं तोडू लागल्या.