जावयाचे पाय धुताना

अधिक महिन्यात लेक-जावयाला धोंडे-जेवणाला बोलवायची आमच्या निलंग्यात पद्धत आहे. लेक अर्धापूरला दिलेली, जावयाची तिथं केळीची बाग. अनारसे करू लागायला ती दोन दिवस आधीच एकटी आली. खसखशीवर अनारसे थापत होती, पण डाव्या हातानं. विचारलं तर म्हणाली, "मनगट मुरगळलंय." मग जरा थांबून, "आई, तुला एक सांगायचं होतं."

कढईतलं तूप तापलं होतं. मी म्हणाले, "कार्यक्रम उरकू दे, मग निवांत बोलू." असली घाई मला कुठं नडेल, याचा तेव्हा पत्ता नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी जावई पाटावर बसले, परातीत पाय ठेवले. लेक तांब्यानं पाणी घालत होती, आमचे हे पाय धूत होते. समोर टीव्ही चालूच. एका मोठ्या नटाच्या बायकोनं पोलिसांत तक्रार दिली होती, की घराच्या वाटणीवरून भांडण झालं आणि त्यानं तिला मारलं. झालं, आमच्या बैठकीतच कोर्ट भरलं.

"एवढा देवमाणूस, गोरगरिबाला मदत करून राहिला, तो मारंल?" दीर म्हणाले.

"तीच तसली असंल," जाऊबाई म्हणाल्या. "पैशासाठी बाया काय बी करतात."

जावई हसले. "आता हिरोलाबी सोडंनात."

सगळे हसले. मीही. माझ्या जिभेला हाड नाही, चारचौघांत शेवटचा शब्द माझाच हवा. मी म्हणाले, "आणि मारलं असंल तरी काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. शहाण्या बाईनं उंबऱ्याबाहेर न्यायचं नसतं."

तांब्याची धार परातीबाहेर गेली. यांचं धोतर भिजलं. "लक्ष कुठंय तुझं?" मी लेकीवरच खेकसले.

जेवणं आटोपल्यावर तिला आत बोलावलं. "काय सांगायचं होतं गं?"

"काही न्हाई," ती म्हणाली आणि जावयाची पिशवी भरायला लागली.

दोघं नांदेडच्या बसनं परत गेली. परात घासताना मला तो डावा हात आठवला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मनगट कसं मुरगळलं, हे मी विचारलंच नव्हतं. माझीच लाज वाटली. तो नट खरा की खोटा, मला काय ठाऊक? पण लेकीनं मात्र माझा निकाल ऐकला होता.

दुसऱ्या दिवसापासून रोज फोन करते. फोन तिचा, उचलतात जावई. "बोला मामी. हितंच हाय ती, स्पीकरवर ऐकून राहिली."

तिचा आवाज येत नाही. मागं भांड्यांचा येतो. तोंडाशी आलेलं मी गिळते, आणि जावयाला विचारते, केळीला पाणी झालं का.