डाव्या बाजूचं माप

आपलं मराठी राज्य नवं झालं त्या सुमारास मी मेहकरात एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. छातीतल्या गाठी मी पाहिल्या होत्या. त्या घेऊन यायच्या साठीच्या बायका. लाजेपायी वर्षानुवर्षं लपवलेली गाठ फुटली, वास सुटला की मगच. त्यामुळे हा म्हातारपणाचा रोग, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

माझी बायको तेव्हा तिशीत होती, मुलगी अंगावर पीत होती. डावीकडे गाठ लागते म्हणाली, तेव्हा मी काही न पाहताच सांगितलं, "दुधाची गाठ आहे. एरंडाचं पान शेकून बांध." आमच्याकडे पाजणाऱ्या बाईला हेच करतात. तीन महिने तिनं पान बांधलं. मी रोज डॉक्टरांच्या शेजारी उभा असायचो, पण त्यांच्या कानावर घातलं नाही. हे कबूल करायला मला फार वर्षं लागली.

ती बायकांची पोलकी शिवायची. एक दिवस स्वतःचं पोलकं माझ्यासमोर धरून म्हणाली, "हे मीच शिवेल आहे. उजवीकून बसते, डावीकून तंग होऊन राह्यलं. दूध तं दोन्हीकून कमी झालं. मंग एकच बाजू काऊन वाढली?"

"तू डॉक्टर आहे का?"

"नाही. पण माप मले समजते. तुमी बाटल्या भरा."

दुसऱ्या दिवशी मला न विचारता, मुलीला कडेवर घेऊन ती बुलडाण्याच्या मोटारीत बसली आणि लेडी डॉक्टरकडे गेली. तिथून नागपूर. स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, नंतर विजेचे, म्हणजे किरणांचे, शेक.

तिथल्या सर्जननी मला समजावलं. म्हातारपणी हा रोग जास्त दिसतो हे खरं; पण तरुणपणी झाला तर पुष्कळदा जोरानं वाढतो, आणि अंगावर दूध असलं की घरचेच फसतात. काखेत तो त्या तीन महिन्यांतच गेला का, हे मी विचारलं. त्यांना सांगता आलं नाही.

परत आल्यावर तिनं कापूस भरून स्वतःचं पोलकं बेतलं. हात सुजायचा. मी काही म्हटलं की म्हणायची, "मशीन पायानं चालते ना."

आता मुलगी मॅट्रिकला आहे, आणि बायको माप घेताना प्रत्येकीला विचारते, कुठं गाठ लागते का. परवा सुलतानपूरची एक तरुण बाळंतीण आली होती. गाठ होती.

"दुधाची व्हय," सासू म्हणाली.

"आमच्या कंपाउंडरनंही हेच सांगतलं होतं. हे काय बसले, विचारा त्याइले."

सासूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मावशी, मी चुकलो होतो. तीन महिने."

बायकोनं फीत गुंडाळली.

"पोलकं आठ दिवसांनी न्या. बुलडाण्याची मोटार आत्ता आहे. हे येतात संगं."

मी चपला घातल्या.