अण्णांचं बटण

परवा मुलानं परभणीच्या घरात भिंती न फोडता, जुन्याच वायरीवरून सगळे दिवे मोबाइलला जोडले. तिन्हीसांजेला स्वयंपाकघर आपोआप उजळलं आणि मी सवयीनं हात जोडले. तो हसला. "आई, आता बटणापाशी कुणी लागतच नाही."

राणीसावरगावला माझ्या वडिलांचं, अण्णांचं, अंग लुळं पडलं, तेव्हा दादानंही जुन्याच वायरीला जोड देऊन स्वयंपाकघराच्या दिव्याचं बटण माजघरातल्या त्यांच्या खाटेशी आणलं होतं. दिवेलागणीला अण्णा ते कसंबसं दाबायचे आणि चुलीपुढं बसलेली माय दिव्याला हात जोडायची. घरातलं तेवढंच काम त्यांच्याकडं उरलं होतं. माय दुसऱ्या कुणाला त्या बटणाला हात लावू द्यायची नाही.

एका संध्याकाळी दिवा लागला नाही. माय विस्तवाच्या उजेडात भाकरी थापत राहिली. "लाइट गेली वाटतं. आली की लावतेत तुझे अण्णा."

लाइट रोजच जायची. मी पाण्याला म्हणून अंगणात आले, तर शेजारच्या ओसरीवर बल्ब लख्ख पेटलेला.

"माय," मी तिथूनच म्हणाले, "लाइट हाय."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.