जाधवच्या घराचं शटडाऊन

आम्ही चौघं चहाला जमलो आणि कुणी नुसतं "घरात जरा काम काढलंय" म्हणालं, की आमच्या बायका उठून आत जातात. त्यांना पुढचं सगळं पाठ आहे! पण खरं सांगू? हे किस्से आम्ही गोळा केले नाहीत. बेटेगावात जाधवचं जुनं कौलारू घर आहे, तिथं एकेका रविवारी ते आपोआप साचत गेले.

आम्ही चौघं बोईसरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. जाधव इलेक्ट्रिकलचा, मूळचा कराडकडचा. राऊत इथलाच, जवळच्या पाम गावचा. यादव वेल्डर. आणि मी फिटर. चौघांतला शहाणा मीच, असं माझं मत आहे.

गेल्या वर्षी जाधवच्या बायकोला, आमच्या मंगलवहिनींना, पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायच्या. दवाखान्यातून त्यांचे थोरले भाऊ, दादा, त्यांना कराडला घेऊन गेले. त्या जरा सुधारल्या आणि "मला माझ्या घरी जायचंय" म्हणून मागे लागल्या. पण दादांनी जाधवला फोनवर बजावलं, "पाव्हणं, न्हाणीघर घराबाहेर, उंबरा वीतभर उंच. मंगल पडली तर धरणार कोण? घर नीट दिसलं तर ठेवून जाईन, न्हाईतर त्याच गाडीनं माघारी."

जाधवचा चेहरा बघवेना. राऊत म्हणाला, "आमी अख्खा प्लांट चालवतो, एक घर नाय होनार? मिस्त्री कशाला पायजे?"

प्लांट बंद ठेवून दुरुस्ती उरकतात, तसं जाधवच्या घराचं शटडाऊन इथूनच सुरू झालं!

* * *

पहिल्याच रविवारी वायरिंग. आता कंपनीचा नियम असा, की लाइनवर काम करायचं तर मेन स्विचला कुलूप लावायचं, वर पाटी लटकवायची, 'माणूस काम करीत आहे, चालू करू नये', आणि किल्ली कुलूप लावणाऱ्याच्याच खिशात. जाधवनं सगळं नियमाप्रमाणे केलं. आणि दुपारी सेकंड शिफ्टला निघून गेला.

आम्ही तिघं आत, पंखा बंद, पंप बंद, घमेल्यात कालवलेलं सिमेंट घट्ट होत चाललेलं. मी फोन लावला.

"किल्ली कुठाय रे?"

"खिशात. दुसऱ्याकडं द्यायची नसते!"

"अरे, पण काम करणारा माणूस कुठाय?"

 जाधव म्हणाला, "पाटी तर लावलीय ना?"

* * *

मग कौलं. स्वयंपाकघरात गळत होतं. राऊत लहानपणापासून कौलं चाळत आलेला, सरसर वर चढला. फुटकी बदलली, पन्हळ साफ केली आणि पाइपनं वरून पाणी सोडून ओरडला, "बगा आता!"

स्वयंपाकघर कोरडं ठणठणीत. मी शाबासकी देणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून जाधवची हाक आली. पाणी बरोब्बर त्याच्या उशीवर पडत होतं!

"राऊत, अरे गळती थांबली नाही!"

राऊत वरूनच म्हणाला, "कोन बोलतो? थांबली हाय. तिनं फक्त शिफ्ट बदलली!"

* * *

नळाच्या पाइपांना रंग मी दिला. पाण्याच्या लाइनला हिरवा, वर बाण, आणि सुंदर अक्षरात 'पिण्याचे पाणी', 'वापराचे पाणी'. प्लांटमध्ये करतो तसंच. मला भारी अभिमान! जाधवनं हौसेनं व्हिडिओ कॉल करून वहिनींना दाखवलं.

वहिनींनी फोन डोळ्यांजवळ नेऊन सगळं वाचलं. मग म्हणाल्या, "भावजी, मला पॅरालिसिस झालाय. माझं स्वयंपाकघर मी विसरले नाही!"

पण हसल्या हो. आजारपणानंतर जाधवनं त्यांना पहिल्यांदाच एवढं हसताना पाहिलं. तो फोन घेऊन मागच्या अंगणात गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आम्हीही हाक मारली नाही.

* * *

उंबरा काढायची वेळ आली आणि जाधवचा हात उचलेना. छिन्नी लावायचा, बाजूला ठेवायचा. वहिनी रोज सकाळी त्या उंबऱ्यावर हळदकुंकू वाहायच्या ना!

"घरच्या लक्ष्मीचा उंबरा कसा फोडू रे?" जाधव म्हणाला.

यादव आधी देवघरातून हळदकुंकू घेऊन आला. उंबऱ्याला वाहिलं, वाकून नमस्कार केला. मग म्हणाला, "जाधव भाई, लक्ष्मी तो कराड में बैठी है. इसको तोड़ो, तब आएगी."

जाधवनं उंबरा अख्खा सोडवला, त्यातली एक फळी रंधा मारून गुळगुळीत केली आणि फरशीच्या लेव्हलला पुन्हा दारातच बसवली. पाय अडकणार नाही आणि हळदकुंकू वाहायची जागाही राहिली. सगळ्या घरातलं सगळ्यात चांगलं काम तेच झालं, कुणी काही म्हणो.

* * *

शेवटी न्हाणीघर. मागची पडवी बंद करून ते घराला जोडलं, कमोड बसवला. पलंगापासून न्हाणीपर्यंत भिंतीला यादवनं रेलिंग मारलं, जाताना डाव्या हाताला येईल असं. वहिनींचा डावा हात चांगला होता म्हणून.

आता ट्रायल नको? राऊतचा उजवा हात गमछ्यानं अंगाला बांधला, उजवा पाय ओढत चालायला सांगून त्याला पलंगावरून सोडला. पठ्ठ्या डाव्या हातानं रेलिंग धरून न्हाणीपर्यंत पोचला! आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात खिडकीतून शेजारच्या काकूंची किंकाळी, "अगो बाय! राऊताला पन झाला?"

राऊत गमछा सोडत तसाच धावत बाहेर गेला त्यांना समजवायला. त्यांना काही पटलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी तीन जण शहाळी घेऊन येऊन गेले!

आम्ही मात्र ट्रायल पास म्हणून मोकळे झालो.

* * *

दादा वहिनींना घेऊन आले तो दिवस. दादांनी भिंती ठोकून पाहिल्या, रेलिंगला लोंबकळून पाहिलं. "पक्कं हाय," एवढंच म्हणाले. 

वहिनी म्हणाल्या, "मी एकटी जाऊन येते." डाव्या हातानं रेलिंग धरून सावकाश गेल्या. दार लागलं. आम्ही चौघं एकमेकांकडे बघून हसतोय.

कडी वाजली. वहिनी दारात आल्या आणि थांबल्या. रेलिंग आता त्यांच्या उजव्या हाताला होतं, आणि उजवा हात तर नुसता लोंबत होता.

"हे भगवान," यादव पुटपुटला. परत यायची ट्रायल कुणी घेतलीच नव्हती!

दादा जाधवकडे वळले. "जायची सोय केलीया पाव्हणं, यायची न्हाई. मंगल, थांब तिथंच, मी धरतो. आपण निघू."

"कुणी पुढं यायचं नाही!" वहिनी कडाडल्या.

चौकटीला धरून त्या हळूहळू वळल्या. न्हाणीकडे तोंड, आमच्याकडे पाठ. डाव्या हातानं रेलिंग घट्ट धरलं आणि एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. जाधव दोन्ही हात पसरून मागे उभा, पण हात लावायची हिंमत नाही. 

आणि यादवच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, गेटवर ट्रक मागे घेताना निघतं तसं, "आने दो भाभी... आने दो... आने दो..."

राऊतही सुरू झाला, "येऊ द्या... येऊ द्या... बस्स!"

वहिनी पलंगावर टेकल्या. धाप लागली होती. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या,

"दादा, गाडीतली माझी बॅग आण."