साहेबांची एक थप्पड

"बोला पावणं, तिकीट!"

कोल्हापूर-गारगोटी गाडीत कधी बसला असाल, तर हा आवाज तुम्हीही ऐकला असेल. एसटीच्या कंडक्टरला आमच्याकडं मास्तर म्हणतात. हे मास्तर सगळ्यांनाच पावणं म्हणायचे. एकदा स्वतःच्या सासऱ्यालाही म्हणाले. सासऱ्यांनी तिकीट काढलं आणि वर्षभर अबोला धरला.

निवडणुकीच्या तोंडावर एक बडे पुढारी साधेपणा दाखवायला त्यांच्या गाडीत चढले. सोबत फोटोवाले होतेच. मास्तरांनी नेहमीसारखं तिकीट मागितलं. साहेबांनी सणसणीत थप्पड दिली. साधेपणाचे फोटो पुष्कळ छापून आले. हा एकच कुणाला मिळाला नाही.

मास्तर माझ्या शाहूपुरीतल्या ऑफिसात आले. मी नवा वकील, म्हणून उत्साही. मारहाणीची फिर्याद थेट कोर्टात दाखल केली. पहिली तारीख लागायच्या आत साहेब एका दूरच्या राज्याचे राज्यपाल झाले. पदावर असेपर्यंत राज्यपालांवर फौजदारी खटला चालत नाही; राज्यघटनेतच तशी सोय आहे. मी कलम वाचून दाखवलं.

"म्हंजे कायद्याम्होरं समदी सारखी?"

"हो."

"फकस्त ह्ये खुर्चीवरनं उठंपत्तोर न्हाईत?"

"तसंच."

"बरं हाय की. खुर्ची मऊ असंल."

मग अधूनमधून यायचे. "पावणं उठलं काय?" मी नाही म्हणायचो. ते चहा पिऊन जायचे. एकदा मी म्हणालो, "मास्तर, एका थप्पडीचं किती दिवस धरून बसायचं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "वकीलसाहेब, त्या गाडीत माझी लेक हुती."

पुन्हा तो विषय मी काढला नाही.

पाच वर्षं संपली. साहेबांची देशसेवा अपुरी राहिली असावी. त्यांना दुसरं राज्य मिळालं. मास्तर निवृत्त झाले. त्यांना दमा मिळाला. साहेबांची दुसरी मुदत संपायला दोन महिने असताना मास्तर गेले.

खटला पुन्हा सुरू झाला, तेव्हा साहेबांचे तीन वकील उभे राहिले. "फिर्यादीच हयात नाही. प्रकरण इथंच संपवावं."

मागच्या बाकावरून मास्तरांची लेक उठली.

"जजसाहेब, त्यांच्यासाठी खटला धा वर्सं थांबला. आमच्या आबांसाठी एक तारीख थांबंल काय?"

न्यायाधीशांनी तारीख दिली. पुढं फिर्याद चालवायची परवानगीही तिला मिळाली.

साक्षीच्या दिवशी साहेबांच्या वकिलानं विचारलं, "थप्पड नेमकी कुठं बसली?"

तिनं हात उचलून स्वतःच्या डाव्या गालावर ठेवला. बराच वेळ तो तिथंच होता.